हिमाखालची भूमी आणि आकाशातील तराजू

कोलकात्याच्या पूर्वेस बिधाननगर नावाचे नगर आहे. लोक त्याला आजही सॉल्ट लेक या जुन्या नावानेच ओळखतात. नावाप्रमाणे येथे पूर्वी खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण दलदल होती. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या योजनेनुसार १९६२ पासून हुगळी नदीच्या पात्रातील गाळ पाण्यात कालवून मोठमोठ्या नळांवाटे येथे आणण्यात आला, दलदल भरून काढण्यात आली आणि त्या भरावावर हे नगर वसविण्यात आले. याच नगरात, करुणामयी भागात, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या संस्थेच्या पूर्व विभागाचे कार्यालय आहे. खडकांचा अभ्यास हेच ज्यांचे कार्य, त्यांचे कार्यालय जेथे उभे आहे तेथे आसपास एकही खडक दृष्टीस पडत नाही, ही मोठी मौजेची गोष्ट आहे.

दृष्टीस पडत नाही म्हणजे खडक नाही, असे अर्थातच नव्हे. माणसाने घातलेल्या भरावाखाली गंगेने आणून टाकलेला गाळ आहे, त्याखाली त्याहून जुना गाळ आहे, आणि कोलकात्याखाली सुमारे साडेचार-पाच किलोमीटर खोलीवर पुरातन समुद्रात साठलेला चुनखडक आहे. बंगालच्या खोऱ्याच्या पश्चिम भागात खणलेल्या काही विहिरींमध्ये गाळाच्या तळाशी राजमहाल टेकड्यांतील लाव्हारसापासून बनलेला काळा पाषाणही लागला आहे. ही माहिती मिळविण्यासाठी सारा गाळ उपसावा लागला नाही. खनिज तेलाच्या शोधार्थ जी सर्वेक्षणे झाली, त्यांत ठिकठिकाणी गुरुत्वाकर्षण मोजण्यात आले. तेव्हा कोलकात्यापासून ईशान्येस मैमनसिंगच्या दिशेने एका लांबट पट्ट्यात गुरुत्वाकर्षण आजूबाजूपेक्षा किंचित अधिक असल्याचे आढळले. या पट्ट्याच्या वायव्येस जुने खंडीय कवच आहे. आग्नेयेस गाळाचा थर एकदम खोल उतरतो. चिखलाच्या झाकणाखाली दडलेली ही सीमारेषा केवळ वजनाच्या फरकावरून उमगली.

पृथ्वीच्या दक्षिण टोकाला असेच एक झाकण आहे. मात्र ते चिखलाचे नसून हिमाचे आहे. अंटार्क्टिका खंडावरील हिमस्तराची सरासरी जाडी सुमारे दोन किलोमीटर असून काही ठिकाणी ती पावणेपाच किलोमीटरपर्यंत जाते. खंडाचा अगदी अल्पसा भाग उघडा आहे. उरलेल्या प्रचंड प्रदेशात हिमाखाली कोणत्या जातीचा खडक आहे, त्याचे कवच किती जाड आहे आणि त्याखालची भूमी कठीण आहे की मऊ, हे थेट पाहून सांगता येत नाही. ते सांगण्याचा एक मार्ग म्हणजे आकाशातून त्या भूमीचे वजन घेणे. हा मार्ग कसा सापडला, तो काय सांगू शकतो आणि काय सांगू शकत नाही, याचा विचार या प्रकरणात करावयाचा आहे. त्याचा आरंभ कोलकात्यातच झाला आहे.

ओळंब्याचे कोडे

गवंडी भिंत सरळ आहे की नाही हे ओळंब्याने पाहतो. दोरीला टांगलेले वजन पृथ्वीच्या केंद्राकडे खेचले जाते, हे त्यामागील गृहीत होय. परंतु शेजारी एखादा प्रचंड पर्वत असेल, तर तोही ओळंब्याला अत्यल्प प्रमाणात आपल्याकडे खेचतो. हे खेचणे गवंड्याच्या दृष्टीने नगण्य असते. देश मोजणाऱ्याच्या दृष्टीने ते नगण्य नसते.

एकोणिसाव्या शतकात भारताचे त्रिकोणमितीय सर्वेक्षण चालू असताना दोन ठाण्यांमधील अंतर दोन रीतींनी काढण्यात आले. यांपैकी एक ठाणे माळव्यातील कल्याणपूर येथे होते, तर दुसरे त्याच्या उत्तरेस सुमारे सहाशे किलोमीटरवर, हिमालयाच्या बाजूस, कालियाना येथे होते. पहिली रीत जमिनीवर त्रिकोणांची साखळी आखून मोजण्याची. दुसरी ताऱ्यांचे वेध घेऊन अक्षांश ठरविण्याची. दोन्ही उत्तरे जुळावयास हवी होती. प्रत्यक्षात त्यांत ५.२३६ विकलांचा फरक पडला. जमिनीवर हा फरक सुमारे १६० मीटर भरतो. इतक्या काळजीने केलेल्या कामात एवढी चूक राहणे शक्य नव्हते.

ताऱ्यांचे वेध घेताना उभी दिशा ओळंब्यावरूनच ठरवावी लागते. तेव्हा हिमालयाने ओळंबा उत्तरेकडे ओढला असणार, हे उघड होते. तो किती ओढला जाईल याचे गणित जॉन हेन्री प्रॅट यांनी केले. प्रॅट हे कलकत्त्याचे आर्चडीकन, म्हणजे ख्रिस्ती धर्मपीठातील एक वरिष्ठ अधिकारी होते. परंतु त्यांचे शिक्षण गणिताचे होते. हिमालय आणि त्यामागील पठार यांचे वस्तुमान अदमासून त्यांनी आकडेमोड केली, तेव्हा उत्तर आले १५.८८५ विकला. कोडे सुटण्याऐवजी उलटेच झाले. फरक का पडला, हा प्रश्न बाजूला राहिला आणि फरक इतका थोडा का पडला, हा नवा प्रश्न उभा राहिला. जणू हिमालय दिसतो तेवढा जड नव्हताच!

प्रॅट यांचा निबंध १८५५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी इंग्लंडमधील ज्योतिर्विद जॉर्ज एअरी यांनी एक उत्तर सुचविले. पाण्यावर तरंगणारा ओंडका जितका वर दिसतो, त्या मानाने तो पाण्याखालीही बुडालेला असतो. त्याप्रमाणे पृथ्वीचे हलके कवच खालच्या जड द्रव्यावर तरंगत असले पाहिजे आणि पर्वताखाली त्याचे खोल मूळ असले पाहिजे. हलक्या खडकाच्या या मुळाने जड द्रव्याची जागा व्यापलेली असल्यामुळे पर्वताचे आकर्षण बरेचसे भरून निघते. प्रॅट यांनी पुढे १८५९ मध्ये निराळे उत्तर मांडले: जेथे भूमी उंच आहे तेथे तिच्या खालचा खडकच विरळ घनतेचा असतो. दोन्ही कल्पनांत तथ्य आहे, असे आज मानले जाते. हिमालय आणि तिबेट यांच्याखाली कवच सुमारे सत्तर किलोमीटर जाड आहे, हे भूकंपलहरींनी नंतर दाखवून दिले. या तरंगत्या समतोलाला समस्थायित्व असे म्हणतात.

या घटनेतून दोन धडे मिळतात. गुरुत्वाकर्षण अचूक मोजल्यास न दिसणारी भूमीही बोलू लागते, हा पहिला. आणि एकाच मापाची दोन निरनिराळी उत्तरे संभवतात, हा दुसरा. हिमाच्छादित भूमीचा अभ्यास करताना हे दोन्ही धडे पावलोपावली उपयोगी पडतात.

शिलावरण म्हणजे काय?

पुढे जाण्यापूर्वी एका संज्ञेचा खुलासा केला पाहिजे. पृथ्वीचे कवच म्हणजे तिचा अगदी बाहेरचा, तुलनेने हलक्या खडकांचा थर. त्याखाली प्रावरण असते. प्रावरणाचा वरचा भाग थंड आणि कठीण असून तो कवचाला घट्ट चिकटलेला आहे. हे दोन्ही मिळून जो कठीण थर बनतो त्याला शिलावरण म्हणतात. त्याखालचे दुर्बलावरण अत्यंत तप्त असते. ते वितळलेले नसते. परंतु दीर्घ काळ दाब पडत राहिला तर ते मेणाप्रमाणे सावकाश सरकते. जुन्या खंडांच्या गाभ्यात शिलावरणाची जाडी दोनशे किलोमीटर किंवा त्याहूनही अधिक असते. जेथे भूमी ताणली जाऊन फाटू पाहते तेथे ती शंभर किलोमीटरपेक्षाही कमी भरते.

हिमस्तर हे या शिलावरणावर ठेवलेले ओझे होय. हिमाची घनता प्रावरणातील खडकाच्या घनतेच्या जेमतेम पाव ते एक तृतीयांशाच्या दरम्यान, म्हणजे चौथ्या हिश्शाहून थोडी अधिक असते. त्यामुळे तीन किलोमीटर जाडीचा हिमस्तर दीर्घ काळ टिकून राहिला, तर त्याखालची भूमी सुमारे आठशे मीटर खचते. हिम वितळले की ओझे उतरते आणि भूमी पुन्हा वर येऊ लागते. मात्र ती तत्काळ वर येत नाही; दुर्बलावरणातील खडक तिच्याखाली सरकत येईल त्या मानानेच ती उचलली जाते. सुमारे वीस हजार वर्षांपूर्वीच्या हिमयुगातील ओझे उतरून हजारो वर्षे लोटली, तरी कॅनडा आणि स्कँडिनेव्हिया येथील भूमी आजही वर येत आहे.

उपग्रहांचा तराजू

गुरुत्वाकर्षणातील फरक किती सूक्ष्म असतात, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. पृथ्वीच्या पृष्ठभागावर गुरुत्वीय त्वरण सुमारे ९८० गॅल असते. एक किलोमीटर जाडीचा खडकाचा विस्तीर्ण थर त्यात सुमारे ११२ मिलिगॅलची भर घालतो, तर तेवढाच हिमाचा थर सुमारे ३८ मिलिगॅलची. म्हणजे एक किलोमीटर खडकाच्या जागी हिम आले, तर ७४ मिलिगॅलची तूट पडते. ही तूट एकूण गुरुत्वाकर्षणाच्या दहा हजारांत एका भागाहूनही कमी आहे. अशी मोजणी जमिनीवरून करावयाची, तर संपूर्ण अंटार्क्टिका पायी तुडवावा लागेल. म्हणून हे काम उपग्रहांकडे सोपविण्यात आले.

१७ मार्च २००२ रोजी ग्रेस नावाची उपग्रहांची जोडी सोडण्यात आली. अमेरिका आणि जर्मनी यांचा हा संयुक्त उपक्रम होता. सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवरून हे दोन उपग्रह एकामागून एक, परस्परांत सुमारे २२० किलोमीटर अंतर राखून, ध्रुवांवरून फिरत. पुढचा उपग्रह जड प्रदेशाजवळ येताच किंचित पुढे खेचला जाई आणि दोहोंतील अंतर वाढे. मागचा तेथे पोहोचला की अंतर पुन्हा कमी होई. हे फरक सूक्ष्मतरंगांच्या साह्याने मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत टिपले जात. दर महिन्याला पृथ्वीचा नवा गुरुत्व-नकाशा तयार होई. म्हणूनच कोठे वस्तुमान घटत आहे आणि कोठे वाढत आहे, हे प्रथमच कळू लागले. ही जोडी २०१७ पर्यंत कार्यरत होती आणि २२ मे २०१८ रोजी तिची जागा घेणारी दुसरी जोडी सोडण्यात आली.

युरोपीय अंतराळ संस्थेचा गोसे हा उपग्रह निराळ्या कामासाठी होता. काळाबरोबर होणारे बदल टिपण्यापेक्षा स्थिर गुरुत्वाकर्षणाचा बारकाईने नकाशा काढणे हे त्याचे काम. १७ मार्च २००९ रोजी तो सोडण्यात आला. त्याच्या पोटात त्वरण मोजणाऱ्या उपकरणांच्या तीन जोड्या होत्या. प्रत्येक जोडीतील दोन उपकरणांमध्ये सुमारे अर्ध्या मीटरचे अंतर होते आणि एवढ्या अंतरावर गुरुत्वाकर्षण किती बदलते हे ती मोजत. याला गुरुत्वाचा उतार म्हणता येईल. अधिक बारकावा हवा असल्याने हा उपग्रह सुमारे २५५ किलोमीटर इतक्या कमी उंचीवर ठेवण्यात आला. तेथे विरळ का होईना हवा असते आणि ती उपग्रहाला मागे ओढते. ती ओढ भरून काढण्यासाठी त्यात झेनॉन वायूवर चालणारे एक मंद एंजिन सतत चालू ठेवावे लागे. इंधन संपल्यावर ११ नोव्हेंबर २०१३ रोजी तो वातावरणात जळून नष्ट झाला.

उंची कमी का हवी, हे समजणे कठीण नाही. विमानातून पाहताना सॉल्ट लेकमधील घरे वेगवेगळी दिसतात. आणखी वर गेल्यावर केवळ नगर दिसते. त्याहून वर गेल्यावर केवळ बंगालचा किनारा उरतो. गुरुत्वाकर्षणाचेही तसेच आहे. ग्रेसला सुमारे तीनशे किलोमीटरहून लहान वैशिष्ट्ये नीट दिसत नसत. गोसेला सुमारे शंभर किलोमीटरपर्यंतची दिसत. एखादा लहान डोंगर यात सापडणार नाही. परंतु शिलावरण हा विषयच शेकडो किलोमीटरांचा आहे.

या उपग्रहाची एक उणीव मात्र नमूद केली पाहिजे. त्याची कक्षा ध्रुवावरून नेमकी जात नव्हती. त्यामुळे दोन्ही ध्रुवांभोवती सुमारे पावणेसात अंशांचे वर्तुळ कोरे राहिले. दक्षिण ध्रुवाभोवतालची ही पोकळी भरून काढण्यासाठी २०१५-१६ मध्ये विमानांतून स्वतंत्र मोजणी करण्यात आली.

बंद पोत्यातील धान्य

आता दुसऱ्या धड्याकडे वळू. धान्याच्या व्यापाऱ्याने तोंड शिवलेले पोते काट्यावर ठेवले, तर वजन कळते. पोत्यात जोंधळा आहे की खडे मिसळलेला जोंधळा, हे कळत नाही. गुरुत्वाकर्षणाचे मापही असेच आहे. एखाद्या प्रदेशात गुरुत्व कमी भरले, तर तेथे हिमाचा थर जाड असू शकेल, हलक्या कवचाचे मूळ खोल गेलेले असू शकेल, किंवा प्रावरण अधिक तप्त आणि म्हणून विरळ असू शकेल. तिन्ही कारणांनी काटा सारखाच हलेल.

म्हणून अभ्यासक एकेक कारण वेगळे काढीत जातात. हिमाची जाडी विमानातून सोडलेल्या रेडिओ लहरींनी मोजता येते. त्या हिमातून आरपार जातात आणि तळाच्या खडकावरून परत येतात. अशा मोजण्यांतून हिमाखालील भूमीच्या उंचसखलपणाचा नकाशा तयार झाला आहे. त्यावरून हिमाचा आणि भूरूपांचा वाटा हिशेबाने काढून एकूण मापातून वजा करतात. जे उरते ते कवच आणि प्रावरण यांचे. हिमावर बसविलेल्या भूकंपमापकांवर दूरच्या भूकंपांच्या लहरी नोंदल्या जातात. त्यांच्या वेगावरून कवचाची जाडी आणि खडकाचे तापमान यांचा काही ठिकाणी अंदाज येतो. त्या ठिकाणी जे उत्तर जुळते, त्याच्या आधारे मधल्या अज्ञात प्रदेशाचे अनुमान केले जाते. तराजू एकटा पुरत नाही. त्याला साक्षीदार लागतात.

हिमाखालचे दोन प्रदेश

या रीतीने काय आढळले? अंटार्क्टिका हा वरून एकसंध दिसणारा खंड हिमाखाली दोन अगदी भिन्न प्रदेशांचा बनलेला आहे. पूर्वेकडील भागात जुने, थंड आणि जाड शिलावरण आहे. जर्मनीतील यॉर्ग एब्बिंग, ब्रिटनमधील फाउस्टो फेराचोली आणि त्यांचे सहकारी यांनी गोसेच्या मापांवरून २०१८ मध्ये जे नकाशे प्रसिद्ध केले, त्यांत पूर्व अंटार्क्टिका अनेक पुरातन तुकड्यांची जुळणी असल्याचे दिसते. पश्चिमेकडील भागाचे शिलावरण त्या मानाने पातळ असून तेथे भूमी ताणली गेलेली आहे.

पूर्व अंटार्क्टिकाच्या मध्यभागी गांबुर्त्सेव्ह नावाची पर्वतरांग आहे. १९५८ मध्ये सोव्हिएत संशोधकांनी तिचा शोध लावला. आल्प्स पर्वताशी तुलना करावी अशी ही रांग असूनही तिचे एकही शिखर हिमाबाहेर डोकावत नाही. तिच्याखाली कवचाची जाडी पंचावन्न किलोमीटरच्या पुढे जाते. एअरी यांनी हिमालयासाठी कल्पिलेले खोल मूळ येथे हिमाखालच्या पर्वताला सापडले, असे म्हणता येईल.

या तुकड्यांशी भारताचे जुने नाते आहे. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वीपर्यंत भारताचा पूर्व किनारा अंटार्क्टिकाला जोडलेला होता. पूर्व घाटातील खडक आणि अंटार्क्टिकातील एंडरबी लँड व त्याच्या पूर्वेकडील प्रदेशातील खडक एकाच पट्ट्याचे दोन भाग मानले जातात. त्या महाखंडाला जे गोंडवन नाव मिळाले, ते भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील भूवैज्ञानिकांनी गोंड राजांच्या प्रदेशावरून येथील खडकांना दिलेले नाव होय. त्या काळी भारतही हिमाखाली होता. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वीच्या हिमनद्यांनी घासलेला खडक चंद्रपूरजवळ इरई नदीच्या पात्रात पाहावयास मिळतो. अंटार्क्टिकात आज झाकलेली भूमी कशी असेल, याचा काही पडताळा म्हणूनच भारतात उघड्या पडलेल्या खडकांवरून घेता येतो. पहिली भारतीय मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली. दुसऱ्या मोहिमेचे नेतृत्व भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील व्ही. के. रैना यांनी केले. २०१२ मध्ये सुरू झालेले भारती हे भारतीय संशोधन केंद्र लार्समन टेकड्यांच्या उघड्या खडकावर उभे आहे.

पाच आणि शेहेचाळीस

येथपर्यंतचे विवेचन वाचून कोणी विचारील, की हे ज्ञान रंजक असले तरी त्याचा उपयोग काय? त्याचे उत्तर समुद्रात आहे.

अंटार्क्टिकावरील सर्व हिम वितळले, तर जगातील समुद्राची पातळी सुमारे ५८ मीटरने वाढेल. असे नजीकच्या काळात घडणार नाही. परंतु त्या हिमाचा अल्पसा अंश जरी दरवर्षी समुद्रात गेला, तरी किनारी प्रदेशांना तो जाणवतो. ग्रेसच्या मापांनुसार २००२ ते २०२० या काळात अंटार्क्टिकाने दरवर्षी सरासरी सुमारे १५० अब्ज टन हिम गमावले. सुमारे ३६० अब्ज टन पाण्याने समुद्र एक मिलिमीटर चढतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचा अर्थ कळेल.

पण ग्रेसला हिम दिसत नव्हते; त्याला फक्त वस्तुमान कळत होते. हिम घटले की वस्तुमान घटते. त्याच वेळी खालची भूमी वर येत असेल, तर तिच्याखाली जड खडक सरकत येतो आणि वस्तुमान वाढते. काट्यावर दोहोंची बेरीज दिसते. समजा, पूर्व अंटार्क्टिकाच्या सुमारे एक कोटी चौरस किलोमीटर क्षेत्रात भूमी वर येण्याच्या गतीचा आपला अंदाज वर्षाला केवळ एक मिलिमीटरने चुकला. प्रावरणातील खडकाची घनता पाण्याच्या ३.३ पट धरली, तर या एका मिलिमीटरचे वजन सुमारे ३३ अब्ज टन होते. तेवढे हिम वाढले की घटले, हे मग सांगता येणार नाही.

२०१८ मध्ये अनेक देशांच्या संशोधकांनी मिळून १९९२ ते २०१७ या पंचवीस वर्षांचा हिशेब प्रसिद्ध केला. त्यात पश्चिम अंटार्क्टिकाविषयी शंकेला जागा नव्हती: तेथील वार्षिक घट ५३ अब्ज टनांवरून १५९ अब्ज टनांवर गेली होती. पूर्व अंटार्क्टिकाचा आकडा मात्र असा होता: दरवर्षी ५ अब्ज टन वाढ, आणि त्यात ४६ अब्ज टनांची अनिश्चितता. म्हणजे खरी संख्या ४१ अब्ज टनांची घट ते ५१ अब्ज टनांची वाढ यांच्या दरम्यान कोठेही असू शकते. जगातील सर्वांत मोठा हिमस्तर वाढत आहे की घटत आहे, हेही निश्चित सांगता येऊ नये! या अनिश्चिततेची कारणे अनेक आहेत. परंतु हिमाखालची भूमी किती वेगाने हलते हे नीट ठाऊक नसणे, हे त्यांतील एक मोठे कारण होय. भूमीचा वेग शिलावरणाच्या जाडीवर आणि त्याखालच्या खडकाच्या मऊपणावर अवलंबून असतो. म्हणून हिमाचे वजन करावयाचे, तर आधी शिलावरण जाणले पाहिजे.

पश्चिम अंटार्क्टिकात हे प्रत्यक्ष घडलेले दिसते. आमुंडसेन समुद्राच्या किनाऱ्यावर, उघड्या खडकांवर बसविलेल्या उपग्रह-स्थाननिश्चितीच्या यंत्रांवरून तेथील भूमी काही ठिकाणी वर्षाला ४१ मिलिमीटर इतक्या वेगाने वर येत असल्याचे आढळले. व्हॅलेंटिना बार्लेट्टा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याचा अर्थ उलगडून दाखविला. तेथील प्रावरण इतके मऊ आहे, की ओझे उतरल्यावर इतरत्र ज्याला हजारो वर्षे लागतात ते तेथे काही दशकांत घडते. यातून दोन निष्कर्ष निघाले. भूमीच्या वर येण्यामुळे त्या भागातील हिमाची घट सुमारे दहा टक्क्यांपर्यंत कमी मोजली गेली होती, हा पहिला. तो चिंताजनक आहे. वर येणारी भूमी हिमनद्यांच्या तळाला टेकू देऊन त्यांचे मागे हटणे काहीसे रोखू शकेल, हा दुसरा. तो थोडासा दिलासा देणारा आहे. दोन्ही निष्कर्ष शिलावरण आणि त्याखालचे प्रावरण यांच्या ज्ञानातूनच आले.

पुन्हा भरावावर

सॉल्ट लेकची भूमी समुद्रसपाटीपासून अवघ्या काही मीटरच उंच आहे आणि तिच्या दक्षिणेस सुंदरबनची सखल बेटे आहेत. अंटार्क्टिकाचे हिम वितळले, की त्याचे पाणी सर्व समुद्रांत सारखे वाटले जात नाही. प्रचंड हिमस्तर आपल्या आकर्षणाने भोवतालचा समुद्र स्वतःकडे ओढून धरतो. हिम घटले की ही पकड सैल होते, जवळचा समुद्र उतरतो आणि दूरच्या किनाऱ्यांवर सरासरीहून किंचित अधिक पाणी चढते. भारत हा त्या दूरच्या किनाऱ्यांपैकी एक आहे.

बंगालमध्ये आणखी एक गुंतागुंत आहे. हुगळीच्या मुखाकडील डायमंड हार्बर येथे भरतीओहोटीच्या नोंदींत पाण्याची पातळी देशातील इतर अनेक बंदरांपेक्षा अधिक वेगाने चढताना दिसते. कारण तेथे समुद्र वर येत आहे, तशी गाळाची भूमीही खाली बसत आहे. मोजपट्टीवर दोहोंची बेरीज उमटते. किनाऱ्याला बांध किती उंच घालावा, हे ठरविणाऱ्या अभियंत्याला ही बेरीज सोडविल्यावाचून गत्यंतर नाही. कारण समुद्राचा वाटा पुढे वाढत जाणार आहे आणि भूमीचा वाटा निराळ्या कारणांनी ठरणार आहे.

अंटार्क्टिकात हिम आणि खडक, बंगालमध्ये समुद्र आणि चिखल: प्रश्न एकच आहे. एका मापात दोन कारणे मिसळलेली आहेत आणि ती वेगळी केल्याशिवाय त्या मापावर विसंबता येत नाही. १८५५ मध्ये प्रॅट यांच्यापुढे याच जातीचा प्रश्न होता. ओळंब्याने सांगितलेली संख्या आणि आपल्या गणितातून निघालेली संख्या जुळत नाही, हे त्यांनी लपविले नाही. दोन्ही संख्या त्यांनी शेजारी शेजारी मांडल्या. त्या न जुळलेल्या दहा विकलांतूनच पर्वतांच्या मुळांचा शोध लागला. आज उपग्रहांनी दिलेल्या पाच आणि शेहेचाळीस या दोन संख्या तशाच शेजारी शेजारी उभ्या आहेत. त्यांतील दुसरी संख्या लहान करणे हे पुढील पिढीतील भूवैज्ञानिकांचे काम आहे, आणि त्या कामाचा मार्ग हिमाखालच्या खडकातून जातो.